विंडोज ११ टाकण्याआधी: जुन्या सिस्टिमचा पूर्ण बॅकअप कसा घ्यायचा

विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून घराघरांतले आणि दुकानांतले संगणक विंडोज ११ वर नेण्याची लगबग सुरू आहे. हे काम बहुतेक वेळा एका वाक्यावर सोपवलं जातं: ‘फॉरमॅट मारून देतो, डी ड्राइव्हला हात लावत नाही.’ एवढ्यावर विसंबून राहू नका. सी ड्राइव्हमध्ये नुसतं विंडोज नसतं. डेस्कटॉपवरच्या फाइली, डाउनलोड्स, टॅलीचा डेटा, आउटलुकची पत्रं, ब्राउझरमधले पासवर्ड आणि वर्षानुवर्षं वापरलेले मराठी फॉन्टही तिथंच असतात. शिवाय पुष्कळ संगणकांत सी आणि डी या एकाच डिस्कच्या दोन खोल्या असतात. डिस्क बिघडली की दोन्ही जातात, म्हणून डी ड्राइव्हवरची प्रत हा बॅकअप धरू नका.

हा लेख पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांसाठी आहे. यात दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही करायची आहेत. पहिलं काम फाइली वाचवण्याचं. दुसरं काम सबंध जुनी सिस्टिम वाचवण्याचं, म्हणजे विंडोज, त्यातले प्रोग्रॅम, सेटिंग आणि ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्रॅम) यांची जशीच्या तशी प्रत काढून ठेवण्याचं. या प्रतीला इमेज म्हणतात. फाइली असल्या तर तुमचा मजकूर परत मिळतो. इमेज असली तर कालचा चालता संगणक परत मिळतो.

आधी हेही ओळखून ठेवा की काय बॅकअप नाही. विंडोजमधला ‘सिस्टिम रिस्टोर पॉइंट’ त्याच डिस्कवर असतो आणि नव्या आवृत्तीवर गेल्यावर त्याचा उपयोग राहत नाही. ‘विंडोज बॅकअप’ नावाचं ॲप काही फोल्डर आणि सेटिंग वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यावर, पाठवतं. सिस्टिमची इमेज ते बनवत नाही. वनड्राइव्हवर फुकट जागा ५ जीबी मिळते आणि गुगल ड्राइव्हवर १५ जीबी. दोन्हीकडे सिंक चालू असेल, तर इथं पुसलेली फाइल तिथूनही पुसली जाते. अपग्रेडनंतर सी ड्राइव्हमध्ये ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डर तयार होतं आणि त्याच्या जोरावर १० दिवसांत मागे फिरता येतं, हे खरं. पण अपग्रेड अर्ध्यात अडकलं, डिस्क गेली किंवा अकराव्या दिवशी अडचण कळली, तर त्याचा आधार उरत नाही.

पहिली पायरी: आपला संगणक नीट ओळखा

सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात अबाउट उघडा. ‘सिस्टिम टाइप’समोर ६४-बिट लिहिलंय की ३२-बिट, हे पाहून कागदावर टिपून ठेवा. हा तपशील फार महत्त्वाचा आहे. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येतं आणि ३२-बिट विंडोजवरून ६४-बिटवर थेट अपग्रेड होत नाही. तिथं कोरं विंडोज टाकावं लागतं, म्हणजे सगळे प्रोग्रॅम नव्यानं बसवावे लागतात.

याचा फटका सर्वांत जास्त बसतो तो डॉसच्या काळातल्या प्रोग्रॅमना. फॉक्सप्रोमध्ये केलेली जुनी हिशेबाची किंवा सभासदांच्या नोंदींची प्रणाली आजही कुठं कुठं चालू असते. असे १६-बिट प्रोग्रॅम ३२-बिट विंडोजवर चालतात, ६४-बिटवर चालत नाहीत. तुमच्याकडे असं काही असेल तर तो संगणक अपग्रेड करू नका, असंच मी सांगेन. त्याची इमेज काढा, इंटरनेटची तार काढून टाका, तो त्या एका कामापुरता ठेवा आणि बाकीच्या कामासाठी दुसरा संगणक घ्या.

मग स्टार्ट मेनूमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधा. त्यात ‘बायोस मोड’समोर यूईएफआय किंवा लेगसी (संगणक सुरू करण्याची नवी पद्धत किंवा जुनी) यांपैकी काय आहे ते बघा आणि त्याच कागदावर टिपा. विंडोज ११ ला यूईएफआय, सिक्युअर बूट (सुरू होतानाच खोटी प्रणाली अडवणारी सोय) आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, त्याशिवाय किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि मान्य यादीतला प्रोसेसर हवा. इंटेलमध्ये ढोबळमानानं आठव्या पिढीपासून पुढचे आणि एएमडीमध्ये रायझन २००० मालिकेपासून पुढचे प्रोसेसर यात येतात. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे छोटं ॲप हे सगळं तपासून देतं. संगणक यात बसत नसेल तरी पुढचं वाचणं थांबवू नका. घरगुती वापरकर्त्यांसाठी विंडोज १० ची वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकण्याचा मार्गही मोकळा आहे, आणि बॅकअप दोन्हीकडे लागतोच.

याच बैठकीत डिस्कची तब्येत पाहून घ्या. ‘क्रिस्टल डिस्क इन्फो’ हा मोफत प्रोग्रॅम डिस्कसमोर गुड, कॉशन किंवा बॅड असा शेरा दाखवतो. गुड असेल तर खाली दिलेल्या क्रमानं जा. कॉशन किंवा बॅड दिसलं तर अपग्रेडचा विचार त्या दिवसापुरता सोडा आणि सगळ्यात महत्त्वाच्या फाइली आधी बाहेर काढा. आजारी डिस्कवर इमेज काढायला बसलात, तर पूर्ण डिस्क वाचण्याच्या ताणानं ती मधेच बंद पडू शकते.

दुसरी पायरी: प्रत ठेवायला वेगळी डिस्क

बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घ्या. पेनड्राइव्हवर एवढं मोठं काम करू नये. आकार ठरवताना सी आणि डी मिळून किती जागा भरलेली आहे ते बघा आणि त्याच्या दुप्पट तरी धरा. बहुतेक घरांना १ टीबी पुरते. डिस्क एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट केलेली हवी. जुन्या फॅट३२ पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल मावत नाही आणि विंडोजचं स्वतःचं इमेजचं साधन तर एनटीएफएसच मागतं. फॉरमॅट केल्यावर डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून तिच्यावर लग्नाचे फोटो वगैरे आधीच नाहीत ना, ते बघूनच हात घाला.

डिस्क जोडताना निळ्या रंगाचं यूएसबी भोक शोधा. ते बहुधा यूएसबी ३.० असतं. जुन्या यूएसबी २.० मधून सेकंदाला साधारण ३० एमबी जातात, म्हणजे १०० जीबीला जवळपास तास लागतो. ३.० मधून हेच काम एरवी वीस मिनिटांच्या आसपास आटोपतं.

विजेचीही सोय आधीच करा. डेस्कटॉप असेल तर यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर ठेवा, लॅपटॉप असेल तर चार्जर लावा. महावितरणची वीज दर आठवड्याला ज्या वारी जाते, तो वार टाळा. पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन स्लीप बंद करा, नाहीतर प्रत अर्ध्यावर असताना संगणक झोपी जातो.

तिसरी पायरी: फाइली हातानं काढा

इमेजमध्ये सगळं येणारच आहे, मग फाइली वेगळ्या कशाला? कारण इमेज उघडायला साधन लागतं आणि साध्या कॉपी केलेल्या फाइली कुठल्याही संगणकावर लगेच उघडतात. अडचणीच्या दिवशी हा फरक फार मोठा असतो.

सी ड्राइव्हमधल्या ‘यूजर्स’ फोल्डरमध्ये तुमच्या नावाचं फोल्डर असतं. त्यातले डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स आणि व्हिडिओज उचला. घरात दोघांची वेगळी खाती असतील तर दोघांचीही फोल्डर घ्या. फाइलीच्या बाजूला ढगाची खूण दिसत असेल तर ती फाइल संगणकावर नाही, फक्त वनड्राइव्हवर आहे. तिच्यावर उजवी क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा, ती खाली उतरू द्या आणि मग कॉपी करा.

आउटलुक वापरत असाल तर ते आधी बंद करा, मग त्याची पीएसटी फाइल (पत्रांचा साठा) उचला. ती बहुधा डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’मध्ये असते. क्रोमचे बुकमार्क आणि पासवर्ड गुगल खात्याशी जोडलेले आहेत का ते पाहा. जोडलेले नसतील तर पासवर्ड मॅनेजरमधून एक्स्पोर्ट करता येतात. पण त्या फाइलीत पासवर्ड उघडे लिहिलेले असतात, म्हणून नव्या संगणकावर चढवल्याबरोबर ती पुसून टाका.

टॅलीवाल्यांनी इथं घाई करू नये. टॅलीप्राइममध्ये आल्ट आणि वाय दाबल्यावर डेटाचा मेनू येतो. त्यातून प्रत्येक कंपनीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. त्याखेरीज टॅली बंद करून अख्खं डेटा फोल्डरही कॉपी करा. ते नेमकं कुठं आहे, हे कंपनीच्या माहितीत ‘कंपनी डेटा पाथ’समोर दिसतं. कोरं विंडोज टाकणार असाल तर सगळ्या प्रती झाल्यावर अगदी शेवटी टॅलीचा परवाना सरेंडर करा (म्हणजे या संगणकावरून सोडवून घ्या) आणि सिरियल नंबर व नोंदवलेला ईमेल जवळ ठेवा.

जीएसटी किंवा प्राप्तिकरासाठी डिजिटल सही वापरत असाल तर ते प्रमाणपत्र यूएसबी टोकनमध्येच असतं, डिस्कवर नसतं. मात्र टोकनचा ड्रायव्हर नव्यानं टाकावा लागतो, म्हणून त्याची सेटअप फाइलही बॅकअपमध्ये ठेवा. विवरणपत्राची शेवटची तारीख जवळ आली असेल तर अपग्रेड पुढं ढकला.

मराठी फॉन्ट: हे विसरू नका

मराठीत काम करणाऱ्यांसाठी ही पायरी स्वतंत्र मांडली आहे, कारण सर्वसाधारण मार्गदर्शकांत तिचा उल्लेखच नसतो. युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची समान पद्धत) रुळण्याआधी आपल्याकडे श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी, किरण, सी-डॅकच्या आयएसएमबरोबर येणारे सुरेख, योगेश अशा फॉन्टांत लिहिलं जात असे आणि अनेक छापखान्यांत, कार्यालयांत आजही लिहिलं जातं. या फॉन्टांतल्या मजकुराची गंमत अशी की फाइलीत प्रत्यक्ष देवनागरी अक्षरं साठवलेलीच नसतात. साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं; फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार दाखवतो. फॉन्ट गेला की मजकूर शाबूत असूनही वाचता येत नाही. लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंकांची जुळणी, वंशावळी, सगळं नुसत्या निरर्थक खुणांसारखं दिसू लागतं.

म्हणून सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या आतलं ‘फॉन्ट्स’ फोल्डर उघडा आणि तुमचे मराठी फॉन्ट निवडून बाहेरच्या डिस्कवर चिकटवा. कुठले लागतील याची खात्री नसेल तर सगळेच घ्या. काही शे एमबींपेक्षा सहसा जास्त जागा लागत नाही. नावात ‘डीईव्ही’, ‘डीव्ही’ किंवा ‘श्री’ असलेले आधी शोधा.

पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी घेतली असेल तर तिच्याबरोबर आलेला हार्डवेअर लॉक (संगणकाला जोडायचं परवान्याचं छोटं उपकरण), सीडी आणि पावती एका जागी आणा. तुमच्या आवृत्तीच्या लॉकचा ड्रायव्हर विंडोज ११ वर चालतो का, हे अपग्रेडच्या आधी विक्रेत्याला विचारा. पेजमेकर या पानं जुळवण्याच्या प्रोग्रॅममध्ये काम असेल तर महत्त्वाच्या प्रत्येक फाइलीची पीडीएफ आजच, जुन्या संगणकावर काढून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसवता येतो, त्यामुळे उद्या काहीही झालं तरी निदान वाचता आणि छापता येईल. हे काम कंटाळवाणं आहे, तरी करा. मराठीतला कितीतरी मजकूर असा एखाद्याच संगणकावर, एखाद्याच फॉन्टच्या भरवशावर उभा आहे.

चौथी पायरी: सबंध सिस्टिमची इमेज

आधी बिटलॉकर बघा. डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी ही विंडोजची सोय आहे; अशा कुलूपबंद करण्याला एन्क्रिप्शन म्हणतात. सेटिंग्जच्या शोधात ‘बिटलॉकर’ किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ लिहा. चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करत असाल तर ती बहुधा त्या खात्यात साठवलेली असते. अपग्रेडच्या किंवा बायोसमधल्या बदलाच्या वेळी संगणक ही की मागू शकतो आणि ती नसेल तर तुमच्याच फाइली तुम्हाला बंद होतात. इमेज काढण्यापुरतं एन्क्रिप्शन बंद करून, डिस्क पूर्ण उलगडू द्या. त्याला वेळ लागतो.

इमेजसाठी दोन मार्ग सांगतो. सोपा मार्ग विंडोजमध्येच आहे: कंट्रोल पॅनेल उघडून ‘बॅकअप अँड रिस्टोर, विंडोज ७’ निवडा, डावीकडे ‘क्रिएट अ सिस्टिम इमेज’वर क्लिक करा, बाहेरची डिस्क दाखवा आणि सुरू करा. बाहेरच्या डिस्कवर ‘विंडोज इमेज बॅकअप’ नावाचं फोल्डर तयार होतं. त्याचं नाव बदलू नका आणि ते दुसऱ्या फोल्डरच्या आत टाकू नका, नाहीतर परत चढवताना विंडोजला ते सापडत नाही. मात्र या साधनाचा विकास मायक्रोसॉफ्टनं २०१७ पासून सोडून दिला आहे, आणि कधी कधी ते कारण न सांगता अर्ध्यावर थांबतं.

म्हणून माझी पसंती दुसऱ्या मार्गाला, रेस्क्यूझिलाला. हा मोफत आणि मुक्त स्रोत प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालतो. तुमचं विंडोज तेव्हा बंद असतं, त्यामुळे प्रत स्वच्छ निघते आणि विंडोज सुरूच होत नसेल तरी ती परत चढवता येते.

रेस्क्यूझिलाच्या अधिकृत वेबसाइटवरून आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कचा मजकूर एकत्र असलेली फाइल) उतरवा. रिकामा पेनड्राइव्ह लावा आणि रुफस किंवा बलेना एचर या मोफत साधनानं ती फाइल त्यावर लिहा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल. मग संगणक रिस्टार्ट करा. इथं शट डाउन करून पुन्हा चालू करू नका: ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि डिस्क अर्धवट स्थितीत राहते. रिस्टार्टमध्ये ती पूर्ण बंद होते.

पडदा काळा होताच बूट मेनूची कळ दाबत राहा. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. असेंबल केलेल्या संगणकावर मदरबोर्डप्रमाणे एफ८, एफ११ किंवा एफ१२ असते. यादीतून पेनड्राइव्ह निवडा. रेस्क्यूझिला उघडल्यावर ‘बॅकअप’ दाबा. पहिल्या पडद्यावर कुठल्या डिस्कची प्रत काढायची ते विचारलं जातं. इथं नावापेक्षा आकार बघा. संगणकातली ५०० जीबीची आणि बाहेरची १ टीबीची असेल तर ओळखणं सोपं जातं. पुढं सगळी पार्टिशन, म्हणजे डिस्कच्या खोल्या, निवडलेली असतात, ती तशीच राहू द्या. कुणी ‘छोटी पार्टिशन कशाला’ म्हणेल. संगणक सुरू करणारा भाग त्या छोट्या पार्टिशनमध्येच असतो. मग बाहेरची डिस्क दाखवा, इमेजला नाव आणि तारीख द्या आणि सुरू करा. भरलेलीच जागा वाचली जाते आणि ती दाबून साठवली जाते, त्यामुळे इमेज मूळ मजकुरापेक्षा लहान होते.

पाचवी पायरी: प्रत उघडून बघा

न तपासलेल्या इमेजवर विसंबून फॉरमॅट मारू नका. माझ्या दृष्टीनं सबंध लेखातली ही सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. रेस्क्यूझिलामध्ये ‘व्हेरिफाय इमेज’ आहे, ते चालवा. त्याच्याच ‘इमेज एक्स्प्लोरर’मधून इमेज उघडा आणि आतली एखादी ओळखीची फाइल प्रत्यक्ष दिसते का पाहा. विंडोजच्या साधनानं इमेज काढली असेल तर त्या फोल्डरमधली मोठी व्हीएचडीएक्स फाइल दोनदा क्लिक करून जोडता येते आणि आतलं सगळं ड्राइव्हसारखं उघडतं. आत काही बदलू किंवा पुसू नका, पाहून झालं की ‘इजेक्ट’ करा.

हातानं कॉपी केलेल्या फाइलींची चाचणी दुसऱ्या संगणकावर घ्या. एक फोटो, एक एक्सेल, एक जुन्या फॉन्टातलं पत्र, टॅलीचा एक बॅकअप. पत्र मराठीत दिसलं आणि टॅलीत ताळेबंद जुळला, की काम झालं. त्यानंतर बाहेरची डिस्क काढून ठेवा. अपग्रेड चालू असताना ती जोडलेली नको, म्हणजे चुकून तिच्यावरच विंडोज टाकलं जाणार नाही. सर्वांत मोलाच्या फाइलींची आणखी एक प्रत दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवा.

आणखी एक मार्ग, आणि जुन्या हार्ड डिस्कवर चालणाऱ्या संगणकांसाठी मला तो सर्वांत भरवशाचा वाटतो. नवी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या आणि विंडोज ११ तिच्यावर टाका. जुनी डिस्क काढून, तारीख लिहून कपाटात ठेवा. काही फसलं तर जुनी डिस्क परत जोडली की जुना संगणक परत. तरीही महत्त्वाच्या फाइलींची तिसरी प्रत हवीच, कारण पडून राहिलेली डिस्कही बिघडते.

मागे फिरायची वेळ आली तर

रेस्क्यूझिलाच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करा, ‘रिस्टोर’ निवडा, इमेज दाखवा आणि लक्ष्य म्हणून संगणकातली डिस्क निवडा. लक्ष्याची डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी हवी. अपग्रेडनंतर तयार झालेल्या फाइली आधी बाहेर काढा, कारण रिस्टोर त्या डिस्कवरचं सगळं पुसून जुनं चढवतं. बायोसमध्ये लेगसीचं यूईएफआय केलं असेल तर तेही पूर्ववत करा. पहिल्या पायरीत टिपलेला कागद इथं कामाला येतो.

अपग्रेड नीट झालं तरी इमेज लगेच पुसू नका. वर्षातून एकदाच लागणारे प्रोग्रॅम आणि फाइली पहिल्या महिन्यात आठवतही नाहीत. दुकान किंवा संस्था असेल तर मार्चअखेरचे हिशेब, लेखापरीक्षण आणि विवरणपत्रं नव्या विंडोजवरून भरून होईपर्यंत ती डिस्क तशीच ठेवा आणि तिच्यावर दुसरं काही भरू नका.